चरित्र लिहायची ऑफर आहे, पण कागद आणि मानधन दोन्ही नेत्याच्याच घरातून येणार, काय करावं?

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. इतिहासात एमए केलंय, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालोय, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पीएचडी चालू आहे, विषय सहकार आणि जिल्ह्याचं राजकारण. त्या कामासाठी एका दिवंगत नेत्याच्या घरी जाणं-येणं झालं, साठ-सत्तरच्या दशकात आमदार होते, काही काळ राज्यमंत्री, साखर कारखाना त्यांनीच उभा केला. नाव मुद्दाम देत नाहीये. घरात एक लोखंडी कपाट आहे, डायऱ्या, आलेली पत्रं, स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, कारखान्याचे वार्षिक अहवाल, सगळं कोंबून भरलंय आणि आजवर कुणी बाहेर काढून बघितलेलं नाही.

आता जन्मशताब्दी येतेय आणि त्यांच्या चिरंजीवांनी (ते सध्या सक्रिय राजकारणात आहेत) विचारलं की सर तुम्हीच साहेबांचं चरित्र लिहा. मानधन चांगलं आहे, तीन हप्त्यांत. ट्रस्टवर घेतो म्हणाले, पुढेमागे विद्यापीठाच्या सिनेटला उभं राहायचं मनात असेल तर आम्ही पाठीशी आहोत असंही म्हणाले. अट एकच, छापायला जायच्या आधी घरचे वाचणार.

मला मनापासून राजकीय चरित्रकार व्हायचंय. आणि नुसतं संग्रहालयात बसून नाही, सार्वजनिक कामातही उतरायचंय, भूमिका घ्यायच्यात. आपल्याकडे असं आयुष्य कुणी काढलंय का, त्यांचं पोट कशावर चालायचं, आणि हे काम मी घ्यावं का? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

रुमालवाला:
पोटाचा प्रश्न आधी विचारलात हे फार बरं केलंत, कारण चरित्रकारांबद्दल लिहिताना लोक पुरस्कार सांगतात आणि पगार कोण देत होतं ते सांगतच नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच असते.

धनंजय कीर बघा. रत्नागिरीचे, जन्म १९१३, शिक्षण मॅट्रिक. मुंबई महापालिकेच्या शिक्षण खात्यात कारकून. सावरकरांचं चरित्र १९५० साली, बाबासाहेबांचं १९५४ साली, म्हणजे दोघंही हयात असताना, आणि तेही इंग्रजीत. नंतर टिळक, फुले, गांधी, राजर्षी शाहू. ही नावं एका ओळीत वाचून बघा, यातल्या अर्ध्या लोकांच्या अनुयायांचं उरलेल्या अर्ध्यांच्या अनुयायांशी पटत नाही, आणि या सगळ्यांवर एकच माणूस लिहितोय. हे कसं जमलं, तर त्यांची चूल यातल्या कुठल्याच गोटावर अवलंबून नव्हती असं मला वाटतं. महापालिकेला काय फरक पडतो त्यांचा कारकून संध्याकाळी कुणाचं चरित्र लिहितो ते. १९७१ ला पद्मभूषण मिळालं, पण त्याच्या आधीची कितीतरी वर्षं म्हणजे ऑफिस, तिथून ग्रंथालय, तिथून घर.

दुसरे चांगदेव खैरमोडे. हे तर बाबासाहेबांच्या सहवासातले, तरुणपणापासून पत्रं, टिपणं, कात्रणं जमवत गेलेले, नोकरी सचिवालयात. चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला आणि पुढे खंडांवर खंड, त्यातले बरेच १९७१ ला ते गेल्यानंतर छापले गेले, आणि त्यामागे त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंची धडपड आहे. आज आंबेडकरांवर कुणीही काहीही लिहायला घेतलं तरी खैरमोड्यांच्या खंडांना हात लावल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. दोन कारकुनांनी ऑफिस सुटल्यावर केलेलं काम आहे हे, आणि मला याचा मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.

तेव्हा माझं मत, कपाट घ्या, मानधन घेऊ नका. तासिका तत्त्वावर काय हातात पडतं आणि किती उशिरा पडतं हे मला माहीत आहे, म्हणून हे सहज म्हणत नाहीये. पण ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच घरचा पैसा आला की पुढची प्रत्येक ओळ लिहिताना समोर तो मुलगा बसलेला असतो.

सडेतोड_७१:
रुमालवाला, तुमचं वाचून छान वाटतं पण साठ सालची महापालिकेची कायम नोकरी आणि आजचा तासिकावाला यांची तुलनाच होत नाही. कीरांना दर महिन्याला पगार होता. या पोराला मे महिन्यात शून्य. त्याने मानधन सोडायचं आणि लिहायचं कधी, रात्री दोन वाजता? मी स्वतः गौरवग्रंथ आणि स्मरणिकांचं संपादन, शब्दांकन करतो, त्यावर घर चालतं आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. घरच्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातही माहिती असतेच की, पुढचा अभ्यासक तीच वापरतो.

फक्त एक करा, हे पुस्तक म्हणजे शताब्दीचा ग्रंथ आहे हे तोंडावर स्पष्ट ठरू द्या. चरित्र म्हणायचं आणि ग्रंथ गौरवाचा करायचा, तिथे फसगत होते, वाचकाचीही आणि लिहिणाऱ्याचीही.

वाळवंटी_वाचक:
मला कोरा_कागद यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचंय, सार्वजनिक आयुष्यात राहून चरित्रं लिहिणं. कारण सगळे म्हणतात लांब राहा लांब राहा, पण जवळ असलेल्यांनी लिहिलेली पुस्तकं काढून टाकली तर आपल्या कपाटात फार थोडं उरेल.

न. चिं. केळकर हे सगळ्यात ठळक उदाहरण. टिळक मंडालेला तुरुंगात असताना त्यांच्या वृत्तपत्रांचा भार वाहणारे, केसरीचे संपादक, टिळकांच्या मागे त्यांच्या राजकारणाचे वारस म्हणवले गेलेले. टिळक गेले १९२० ला आणि चरित्राचा पहिला खंड आला १९२३ ला, त्याच सुमारास केळकर मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. पुढे एकूण तीन खंड पुरे केले. आता विचार करा, टिळक असते तर गांधींच्या असहकाराबद्दल काय म्हणाले असते हा प्रश्न त्या काळात पुण्यात रोजच्या भांडणाचा विषय होता, केळकर स्वतः त्या भांडणात एका बाजूला उभे होते, आणि टिळक कोण होते हे सांगायची लेखणीही त्यांच्याच हातात. म्हणजे चरित्र हाच राजकारणाचा भाग झाला. तरीही कागदपत्रं, प्रसंग, माणसं यांचा जो साठा त्या खंडांत आहे तो बाहेरच्या माणसाला मिळालाच नसता. मी ते खंड वाचताना दोन्ही गोष्टी मनात ठेवतो, त्यांच्यावर विश्वास टाकून पुढे जातो आणि १९१६ नंतरची पानं आली की सावध होतो.

आणि त्यांच्या समोर न. र. फाटक ठेवून बघा. पत्रकार, मग प्राध्यापक. न्यायमूर्ती रानड्यांचं चरित्र १९२४ साली लिहिलं, रानडे जाऊन दोन तपं होत आली होती तेव्हा. मग गोखले, त्याला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार. आणि मग उतारवयात टिळकांवर लिहिलं ते असं की टिळकभक्त खवळले. केळकरांचे टिळक आणि फाटकांचे टिळक शेजारी शेजारी ठेवून वाचले की मला तरी मधला माणूस दिसायला लागतो, एकट्या कुणाच्याच पुस्तकात तो पूर्ण सापडत नाही.

मराठीच्या बाहेर बघायचं तर सर्वेपल्ली गोपाल. राष्ट्रपती राधाकृष्णन यांचे चिरंजीव, परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाचे संचालक, नेहरूंच्या हाताखाली काम केलेले. चीन सीमेचा वाद पेटला तेव्हा लंडनला जाऊन जुने नकाशे आणि दस्तऐवज तपासून भारताचा दावा भक्कम आहे असं नेहरूंना सांगणारे हेच. नंतर नेहरूंचं तीन खंडांत चरित्र, १९७५, १९७९ आणि १९८४. स्वातंत्र्यानंतरचे नेहरूंचे खासगी कागद इंदिरा गांधींनी त्यांना उघडून दिले, बाकी अभ्यासकांना ती दारं बंद होती. त्यामुळे चीनवरची प्रकरणं वाचताना सतत जाणवतं की साक्षीदार, सल्लागार आणि इतिहासकार एकाच खुर्चीत बसलेत. पण पुढे याच माणसाने स्वतःच्या वडिलांचं चरित्र लिहिलं आणि त्यात वडिलांच्या खासगी आयुष्यातल्या अडचणीच्या गोष्टी लपवल्या नाहीत, आईला काय सोसावं लागलं तेही लिहिलं. मुलगा असून! हे वाचलं तेव्हा माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. जवळीक आहे म्हणून माणूस खोटंच लिहितो असं नाही, त्याला किती धैर्य आहे यावर असतं.

कोरा_कागद:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि तीच खरी डोक्यात घोळतेय. १९७८ ची डायरी आहे, जून-जुलैची बरीच पानं नाहीत. फाटलेली नाहीत, ब्लेडने शिवणीजवळ सरळ कापलीयत, कडेला चिंचोळ्या पट्ट्या शिल्लक आहेत. त्या आधीची पानं रोजच्या बारीक नोंदींनी भरलेली, पाऊस किती, ऊस किती, कोण भेटायला आलं. तुम्हाला माहितीच आहे तो जुलै काय होता, वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवारांच्या पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) आलं, जिल्ह्याजिल्ह्यातल्या प्रत्येक नेत्याला इकडे की तिकडे हे ठरवावं लागलं. यांनी काय ठरवलं ते सगळ्यांना माहीत आहे, का ठरवलं आणि आधी कुणाला काय शब्द दिला होता ते त्या पानांत असणार. घरी सहज विचारलं तर 'ती डायरी पहिल्यापासून तशीच आहे' एवढंच उत्तर आलं.

दफ्तरी:
पुराभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झालोय, आयुष्य असल्याच कागदांत गेलं, म्हणून राहवलं नाही.

कापलेली पानं हा पुरावा नाहीसा झाला असं समजू नका, कापलंय हाच पुरावा आहे. चरित्रात तसं लिहायचं, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची पानं डायरीत नाहीत, पट्ट्या शिल्लक आहेत, कापणारा कोण ते ठरवता येत नाही. बस. त्यावर अंदाज बांधत बसू नका आणि गाळूही नका. घरचे छापण्याआधी वाचणार ना, मग हे एक वाक्य ते ठेवू देतात की नाही यावर तुम्हाला सगळं कळेल. आजच जाऊन त्यांना विचारा, करार व्हायच्या आधी.

दुसरं, त्या कपाटाला फार मोठं करू नका. जुलै ७८ चं सगळं काही एकाच डायरीत नव्हतं. विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत आहेत, कोण कुठे बसलं कोण काय बोललं ते शब्दशः मिळतं. त्या आठवड्याची वर्तमानपत्रं काढा, मुंबईची आणि जिल्ह्याचीही, जिल्हा दैनिकात नेत्याच्या घरी कुणाची गाडी लागली होती इतकं छापून येतं जे मुंबईच्या पेपरात कधीच येत नाही. कारखान्याच्या संचालक मंडळाची आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघा, पक्षांतर झालं की दोन-तीन महिन्यात संचालक बदलतात, राजीनाम्याच्या तारखा बरोबर बोलतात. यांनी ज्यांना पत्रं लिहिली त्यांच्या घरी मूळ प्रती असतील, कार्बन इकडे काढून टाकला असला तरी. दिल्लीत तीन मूर्तीच्या संग्रहालयात, आता त्याचं नाव बदलून प्रधानमंत्री संग्रहालय झालंय, तिथे कितीतरी नेत्यांचे खासगी कागद ठेवलेत, महाराष्ट्रातल्यांचेही. मुंबईत राज्याचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. केंद्राच्या कागदांना साधारण तीस वर्षांनंतर अभ्यासकांना बघू देण्याचा नियम आहे, प्रत्यक्षात बरंच काही यायचं राहून जातं, पण मागत राहायचं.

तिसरं कायद्याचं, हे कुणी सांगत नाही. पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे तो त्याचा, पण मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा, आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांचा. म्हणजे त्या कपाटातली साहेबांनी लिहिलेली पत्रं छापायची तर यांची परवानगी चालेल, पण साहेबांना आलेली पत्रं पूर्ण छापायला ही मंडळी परवानगी देऊच शकत नाहीत, ती लिहिणाऱ्यांच्या घरून घ्यावी लागते. थोडा उतारा देऊन चर्चा करणं वेगळं. आणि मेलेल्या माणसाच्या बदनामीबद्दलही फौजदारी खटला होऊ शकतो, जुन्या भारतीय दंडविधानात ते ४९९ कलमात होतं, नव्या न्याय संहितेत ३५६ मध्ये आहे, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. घाबरवायला सांगत नाहीये, प्रत्येक विधानाला कागद लावायची सवय लागावी म्हणून सांगतोय.

सडेतोड_७१:
दफ्तरींच्या एक वाक्याच्या परीक्षेला माझा पूर्ण पाठिंबा. आणि हो, कागदांच्या हक्काचं मलाही आजवर कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. मानधनाबद्दल अजून तेच म्हणेन, पण पहिला हप्ता कागद नीट लावून त्यांची यादी करण्याचा म्हणून घ्या, लिहिण्याचा नाही. ते काम कष्टाचं आहे, त्याचे पैसे घ्यायलाच हवेत, आणि त्यात कुणाला खूश करावं लागत नाही.

रुमालवाला:
सडेतोड, हे मला पटलं. यादीचे पैसे घ्यावेत. चरित्र वेगळं, प्रकाशक वेगळा, आणि ट्रस्ट नको.

माळावरची_शाळा:
मी शिक्षिका आहे, इतिहास शिकवते. वर सगळ्यांनी चरित्राबद्दल छान सांगितलं पण त्या दादांनी सार्वजनिक कामात उतरायचंय असं लिहिलंय त्यावर कुणी धड बोललं नाही म्हणून लिहिते.

य. दि. फडके आठवा. टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राध्यापक, म्हणजे पगार तिथून. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर खंडामागून खंड लिहिले, केशवराव जेध्यांचं चरित्र लिहिलं, शाहू छत्रपती आणि टिळक यांच्या वादावर लिहिलं. पुण्यात ब्राह्मणेतर चळवळ, मग काँग्रेस, मग शेतकरी कामगार पक्ष, मग पुन्हा काँग्रेस आणि संयुक्त महाराष्ट्र, असा जेध्यांचा सगळा प्रवास, त्यात प्रत्येक वळणावर कुणीतरी दुखावलेलं आहे, आणि फडके त्यात तारखेला तारीख लावत जातात. सावरकर, नथुराम, आंबेडकरी चळवळ, ज्या विषयांवर बोलायला लोक कचरतात तिथे ते गेले, सभांमधून बोलले, वर्तमानपत्रांतून वाद घातले. २००० साली बेळगावला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि बेळगावात अध्यक्ष म्हणून उभं राहणं हीच एक भूमिका असते. म्हणजे सार्वजनिक आयुष्य भरपूर होतं, पण कुठल्या नेत्याच्या घरचं नव्हतं.

आणि थेट निवडणुकीत उतरलेलेही आहेत. राजमोहन गांधी, महात्माजी आणि राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) दोघांचे नातू, पटेल आणि राजाजींचे चरित्रकार. १९८९ साली अमेठीत खुद्द राजीव गांधींविरुद्ध उभे राहिले, हरले, नंतर १९९० ते ९२ राज्यसभेत होते. राजाजींच्या चरित्राला २००१-०२ च्या सुमाराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आजोबांवर लिहिणारा नातू म्हणून लोकांनी शंका घेतली असेल तर ते योग्यच आहे, पण निवडणूक लढवली म्हणून पुस्तक रद्दीत जात नाही.

धनंजयराव गाडगीळ तर कारखानदारीच्याच विषयातले, तुमच्या पीएचडीत येतच असतील. अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. विखे पाटलांनी त्यांना बोलावलं कारण त्यांच्या नावावर शेतकऱ्याचा आणि सरकारचा दोघांचा विश्वास बसेल. अभ्यासकाने सार्वजनिक कामात जायचं तर असं जावं असं मला वाटतं, त्याच्या नावाचा उपयोग कामाला व्हावा. तुम्हाला सिनेटवर जायचं असेल तर जरूर जा, तासिकावाल्यांचे प्रश्न मांडायला तुमच्यासारखे लोक हवेतच तिथे. पण प्राध्यापकांची मतं मागून जा, कपाटाच्या किल्लीच्या बदल्यात नको. विद्यार्थ्यांना आम्ही काय तोंडाने सांगायचं मग.

कोरा_कागद:
ताई, शेवटचं वाक्य लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

काल जाऊन आलो. दफ्तरी काकांनी सांगितलेलं तसंच्या तसं विचारलं, की पानं नाहीत हे पुस्तकात लिहिणार, चालेल का. चिरंजीव बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले शताब्दीचा ग्रंथ दुसऱ्या कुणाकडून करून घेतो, तुम्ही कागदांची यादी तेवढी करून द्या, त्याचे पैसे देतो, आणि पुढे तुमचं तुम्ही काय लिहायचं ते लिहा, पण आमच्या ट्रस्टचं नाव त्यावर नको. साहेबांच्या स्वतःच्या पत्रांपुरती लेखी परवानगी द्यायला तयार आहेत. मला हे अपेक्षेपेक्षा खूप चांगलं वाटतंय, त्यांच्याबद्दलचं मत बदललं.

रविवारपासून बसतोय. काका, स्कॅनर भाड्याने आणू की फोनवर चालेल? डायऱ्यांची शिवण सैल झालीय, स्कॅनरवर उलट्या दाबल्या तर तुटतील असं वाटतं.

दफ्तरी:
स्कॅनर अजिबात नको. फोन चालेल, पण हातात धरून नको, स्टँड घ्या. फ्लॅश बंद, खिडकीजवळ टेबल लावा, थेट ऊन पडू देऊ नका. प्रत्येक डायरीचा आधी पुठ्ठा, मग पहिलं पान, मग क्रमाने, कोरी पानंसुद्धा सोडू नका, आणि प्रत्येक फोटोत कडेला क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. पत्रांची पाकिटं वेगळी काढून टाकतात लोक, तसं करू नका, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पुष्कळदा पत्रातल्या तारखेपेक्षा खरी असते. पिना गंजल्या असतील त्या ओढून काढू नका. ७८ च्या डायरीतल्या त्या पट्ट्यांचे फोटो जवळून घ्या, दोन्ही बाजूंनी, कापताना एखादं अक्षर किंवा तारखेचा आकडा कडेला राहिलेला असतो. आणि त्याच्या पुढचं पहिलं शिल्लक पान तिरप्या उजेडात धरून बघा, बॉलपेनने दाबून लिहायची सवय असेल तर आधीच्या पानाचे वळ खाली उमटतात.